तो सलाम

आईच्या अखेरच्या आजारात मी रात्र रात्र तिच्या उशाशी बसून असे. आपल्या हातून काहीच घडले नाही, ही बोच पुढे अनेक वर्षे मनाला लागून राहिली. ती बोच जागी झाली, की मला अँड्र्यू मिनार्स्की आठवतो.

कॅनडातील विनिपेगचा, पोलिश वंशाचा हा २७ वर्षांचा तरुण लँकेस्टर विमानात मशीनगन चालवीत असे. १२ जून १९४४ च्या रात्री ते विमान फ्रान्समधील कांब्रेच्या रेल्वेयार्डावर हल्ल्यासाठी निघाले. जर्मन लढाऊ विमानाने त्याला गाठले. डावीकडील दोन्ही इंजिने बंद पडली, आग भडकली. कप्तानाने उड्या टाकण्याचा हुकूम दिला.

दाराशी पोहोचलेल्या अँड्र्यूला दिसले, शेपटाकडील घुमटात त्याचा मित्र पॅट ब्रोफी अडकला आहे. ज्वाळांतून वाट काढीत तो तिकडे गेला. खूप धडपडला, पण घुमट हलेना. अंगावरचे कपडे आणि पॅराशूट पेटले. पॅटने त्याला परत जाण्यास खुणावले. अँड्र्यू मागे सरला, मित्राकडे वळून त्याने सलाम केला आणि उडी घेतली. भाजल्याने त्याचा अंत झाला.

पॅट मात्र विमान कोसळूनही वाचला! त्याच्याच साक्षीमुळे १९४६ साली अँड्र्यूला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

अँड्र्यूला मित्राची सुटका करता आली नाही, हे खरे. पण त्या आगीत त्याने पॅटला एकटे सोडले नव्हते. आईच्या उशाशी मीही व्यर्थ बसलो नव्हतो, एवढे त्या सलामाने मला शिकवले.