कलर मोठा की सिक्वेन्स?

चि. मृण्मयीस,


सिक्वेन्स हातात असताना डाव गेला म्हणून तू होस्टेलभर भांडलीस, असं तुझ्या निरोपावरून दिसतंय. समोरच्या पोराने पाच बदाम मांडले आणि पोकरमध्ये फ्लश, म्हणजे आपला कलर, मोठा असतो म्हणून सगळं गोळा करून नेलं. त्याने तुला फसवलेलं नाही. दिवाळीत आपण तीन पत्ती खेळतो तिथे सिक्वेन्स कलरच्या वर. पोकरमध्ये उलटं. आणि दोन्ही ठिकाणी कारण एकच आहे: जे कमी वेळा येतं ते मोठं.

52 पानांच्या कॅटमधून तीन पानांचे 22,100 वेगवेगळे हात निघतात. त्यांत साधे सिक्वेन्स 720, कलर 1,096. आता पाच पानं वाट. एकूण हात 25,98,960 होतात, म्हणजे 117 पटींहून जास्त. सिक्वेन्स मात्र 10,200 पर्यंतच पोचतात, साधारण 14 पट. आणि कलर 5,108, पाच पटसुद्धा नाही. असं का, ते कागद घेऊन बघ. सिक्वेन्सला पुढचं पान ठरलेलं असतं, पण ते इस्पिक, बदाम, चौकट, किलवर यांतलं कुठलंही चालतं. कलरमध्ये आकडा कुठलाही चालतो, पण प्रत्येक वाढीव पानाला रंग तोच लागतो आणि त्या रंगाची पानं कॅटमधून संपत चाललेली असतात. तिसऱ्या पानापर्यंत ते निभतं, पाचव्यापर्यंत दमछाक होते. गंमत म्हणजे तीन पत्तीतल्या जोड्या 3,744 आणि पोकरमधले फुल हाउसही (तीन सारखी आणि एक जोडी) बरोबर 3,744. हा मेळ मला फार आवडतो.

म्हणजे सगळा गणिताचा कारभार, असं समजू नकोस. आपल्या तीन पत्तीत ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, सगळ्यांत वर. ट्रेल 52 प्रकारे येते, प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच रंगाचा सिक्वेन्स, फक्त 48 प्रकारे. हिशेबाने प्युअर सिक्वेन्स वर हवा. पण इंग्रजांच्या ब्रॅग या तीन पानांच्या खेळातही तिन्ही सारखी पानं सर्वांत मोठी, आणि आपली तीन पत्ती त्याच घराण्यातली. कॅसिनोतल्या थ्री कार्ड पोकरमध्ये मात्र हा क्रम गणिताप्रमाणे आहे, तिथे प्युअर सिक्वेन्स ट्रेलला हरवतो. मला आपलीच रीत बरी वाटते. तीन एक्के हातात आल्यावर आणखी कोणाला भ्यायचं? (एक्का-दुर्री-तिर्रीचं स्थान कुठलं, यावर तुझे काका आजही भांडतात, तो विषय नकोच.)

पोकरचा क्रमही एका बैठकीत ठरलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यू ऑर्लीन्सकडे आणि मिसिसिपीवरच्या आगबोटींत तो 20 पानांवर खेळत: एक्का, राजा, राणी, गुलाम, दश्शी. चार जण, प्रत्येकी पाच पानं, कॅट संपला. जोसेफ कॉवेल नावाच्या इंग्रज नटाने 1829 साली आगबोटीत पाहिलेला असा डाव आपल्या आठवणींत लिहिला आहे; ते पुस्तक 1844 चं. त्या खेळात कलर नव्हता, सिक्वेन्सही नव्हता. चार एक्के अजिंक्य. चार राजे आणि पाचवा एक्का असेल तरीही तेच, कारण मग चार एक्के दुसऱ्या कोणाकडे असूच शकत नाहीत. असा हात ज्याच्याकडे, त्याने घरदार लावलं तरी धोका नाही! पुढे 52 पानं आली आणि कलर मोजू लागले. सिक्वेन्स त्याच्याही मागून आला आणि बरीच वर्षं काही टेबलांवर चाले, काही ठिकाणी नाही. तो रुळला तेव्हाच एका रंगाचा सिक्वेन्स चार एक्क्यांच्या वर बसला आणि एक्क्यांची ती हमी गेली.

तुम्ही खेळता तो टेक्सास होल्डेम. त्यात सात पानांतून उत्तम पाच निवडायची, पण क्रम जुन्या पाच पानांच्या खेळाचाच. त्यामुळे एक विचित्र गोष्ट होते. सात पानांत एकही जोडी किंवा त्याहून काही बरं न लागण्याचे हात 17 टक्क्यांच्या आसपास, एका जोडीचे जवळजवळ 44 टक्के. म्हणजे काहीच न लागणं हे जोडी लागण्यापेक्षा दुर्मीळ! तरी किंमत जोडीला. तो क्रम कोणी बदलत नाही, कारण रिकामा हात वर नेला तर लोक सातांतून मुद्दाम जोडी मोडणारी पाच पानं निवडतील आणि हिशेब पुन्हा कोलमडेल.

कोणी 36 पानांचा शॉर्ट डेक काढला, तर आधी नियम विचार. दुर्रीपासून पंजीपर्यंतची पानं काढल्यामुळे रंगात नऊच उरतात, म्हणून तिथे कलर फुल हाउसलाही हरवतो.

पैसे लावून खेळता का, हे मी विचारत नाही. तुझी आई विचारेल, तिचं उत्तर तयार ठेव.

तुझा,
मामा