प्रिटोरियाच्या टेकडीवरचे पाहुणे

घरात लग्न-मुंज निघाली की सगळ्यात आधी काय होतं? पाहुण्यांची यादी! कुणाला बोलवायचं, कुणाला पुढच्या रांगेत बसवायचं, कोणाचं कोणाशी पटत नाही म्हणून त्यांना लांब-लांब बसवायचं... आई-बाबांची अगदी तारांबळ उडते.

असंच एक मोठ्ठं कार्य १० मे १९९४ रोजी दक्षिण आफ्रिकेत पार पडलं. हा होता नेल्सन मंडेला यांचा राष्ट्राध्यक्षपदाचा शपथविधी. शंभराहून अधिक देशांची शिष्टमंडळं आली होती. पाहुण्यांच्या यादीत काही नावं अशी होती, की वाचून कुणीही बुचकळ्यात पडावं! चला तर, आज आपण त्या कार्याला जाऊन येऊ.

आधी नकाशा उघडा. दक्षिण आफ्रिकेला एक नाही, दोन नाही, तीन राजधान्या आहेत! संसद केप टाऊनला, वरिष्ठ न्यायालय ब्लूमफाँटेनला आणि सरकारचा कारभार प्रिटोरियाला. प्रिटोरियात जागोजाग जॅकरांडाची झाडं आहेत. आपण त्याला नीलमोहर म्हणतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सगळं शहर जांभळं होऊन जातं. मे महिन्यात मात्र तिकडे थंडीची चाहूल लागलेली असते, कारण हा देश विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे. आपला उन्हाळा तो त्यांचा हिवाळा.

या शहरातल्या एका टेकडीवर ‘युनियन बिल्डिंग्ज’ ही सरकारी कचेरीची भव्य दगडी इमारत आहे. मधोमध अर्धगोल ओळीत उभे खांब, दोन्ही टोकांना एकेक मनोरा आणि पुढे टेकडीच्या उतारावर उतरत जाणारी बाग. १९१० ते १९१३ या काळात ती बांधली गेली. दिल्लीतलं राष्ट्रपती भवनाजवळचं सचिवालय तुम्ही टीव्हीवर पाहिलं असेल. त्याची आणि या इमारतीची ठेवण सारखी वाटते ना? वाटणारच! दोन्हींचा वास्तुशिल्पकार एकच, हर्बर्ट बेकर.

इमारत देखणी, पण तिथून चालणारा कारभार काही देखणा नव्हता. राज्य गोऱ्यांचं. देशात काळे लोक कितीतरी जास्त, पण त्यांना मत देण्याचा हक्क नाही. १९४८ पासून तर वर्णभेदाचे कायदे फारच कडक झाले. शाळा वेगळ्या, दवाखाने वेगळे, बागेतली बाकडीसुद्धा वेगळी! काळ्या माणसाला स्वतःच्याच देशात सतत पास जवळ बाळगावा लागे. पास घरी राहिला की थेट तुरुंग.

९ ऑगस्ट १९५६ या दिवशी सुमारे वीस हजार बायका ही टेकडी चढून आल्या. कुणाच्या पाठीवर तान्हं मूल बांधलेलं. पासाच्या सक्तीविरुद्ध सह्या केलेल्या अर्जांचे गठ्ठे त्यांनी पंतप्रधानांच्या कचेरीत ठेवले. पंतप्रधान काही भेटले नाहीत. मग त्या सगळ्या जणी तिथेच अर्धा तास गप्प उभ्या राहिल्या. वीस हजार माणसं आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता! मोर्चाच्या पुढाऱ्यांमध्ये रहीमा मूसा या भारतीय वंशाच्या बाईही होत्या. आता तिकडे ९ ऑगस्टला महिला दिनाची राष्ट्रीय सुट्टी असते.

याच अन्यायाविरुद्ध लढले म्हणून मंडेलांना सत्तावीस वर्षं तुरुंगात काढावी लागली. त्यातली अठरा रॉबेन बेटावर. तिथे चुन्याच्या खाणीत काम करावं लागे. पांढऱ्या दगडावरून परतणाऱ्या उन्हाने त्यांचे डोळे कायमचे अधू झाले. ११ फेब्रुवारी १९९० रोजी ते सुटले. एप्रिल १९९४ मध्ये पहिल्यांदाच सर्वांना मताचा हक्क मिळाला आणि निवडणूक झाली. आयुष्यातलं पहिलं मत टाकलं तेव्हा मंडेलांचं वय होतं पंच्याहत्तर!

आता जाऊ या १० मेच्या सकाळी. पाहुणे टेकडीवर जमू लागले. पॅलेस्टाइनचे यासर अराफात आले, इस्रायलचे अध्यक्ष वाइझमन आले. क्यूबाचे फिडेल कॅस्ट्रो आले आणि अमेरिकेचं शिष्टमंडळही आलं. त्यात उपाध्यक्ष अल गोर, अध्यक्षांच्या पत्नी हिलरी क्लिंटन आणि निवृत्त सेनापती कॉलिन पॉवेल होते. अमेरिका आणि क्यूबा यांचं तेव्हा इतकं वाकडं होतं, की हिलरीबाईंना सांगून ठेवलेलं, ‘कॅस्ट्रो जवळ आले तर तुम्ही दूर व्हा.’ त्यांनी पुढे आपल्या आठवणींत हा किस्सा लिहिला आहे. कॅस्ट्रो दिसले की त्या मांडवाच्या दुसऱ्या बाजूला सटकत. मोठ्यांचेही रुसवेफुगवे असतात बरं!

पॉवेल यांची गोष्ट वेगळी. ते स्वतः काळे. १९६४ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात एका दुकानात ते हॅम्बर्गर घ्यायला गेले, तर ‘मागच्या खिडकीवर या’ असं त्यांना सांगण्यात आलं. तेव्हा ते सैन्यात अधिकारी होते, तरीही! त्यांच्या मनात त्या सकाळी काय काय आलं असेल, विचार करा.

कारण समोरचं दृश्यच तसं होतं. मंडेला आपली मुलगी झेनानी हिच्यासोबत आले. सरन्यायाधीश मायकेल कॉर्बेट यांच्यापुढे त्यांनी शपथ घेतली. आदल्या दिवसापर्यंत अध्यक्ष असलेले गोरे नेते डी क्लार्क यांनी त्याच समारंभात उपाध्यक्षपदाची शपथ घेतली. सैन्याच्या आणि पोलिसांच्या बड्या अधिकाऱ्यांनी नव्या अध्यक्षांना कडक सलाम ठोकला. काही वर्षांपूर्वी याच लोकांनी मला सलाम नसता केला, बेड्या ठोकल्या असत्या, असं मंडेलांनी आत्मचरित्रात म्हटलं आहे. मग आकाशातून विमानं झूऽऽम करत गेली आणि मागे नव्या झेंड्याच्या रंगांचा धूर सोडून गेली. राष्ट्रगीतं दोन झाली, एक काळ्यांच्या लढ्यातलं आणि एक गोऱ्यांचं. गंमत म्हणजे, एकमेकांच्या गीताचे शब्द कुणालाच येत नव्हते!

नंतर मांडवात जेवण. मंडेला बोलायला उभे राहिले. एवढे राजे, अध्यक्ष, पंतप्रधान समोर बसलेले. त्या सगळ्यांचं त्यांनी स्वागत केलं. मग म्हणाले, मला सर्वांत जास्त आनंद तीन पाहुण्यांचा आहे. कोण होते हे तिघं? रॉबेन बेटावरच्या तुरुंगातले त्यांचे पहारेकरी! मंडेलांनी त्यांना उभं राहायला सांगितलं आणि सर्वांना त्यांची ओळख करून दिली.

तुम्ही म्हणाल, ‘सत्तावीस वर्षं कोंडून ठेवलं, तरी राग आला नाही?’ आला असेल की! मंडेलाही माणूसच होते. पण त्या तिघांनी तुरुंगात त्यांना माणूस म्हणून वागवलं होतं. मंडेला ते विसरले नव्हते. तुरुंगात ते गोऱ्यांची आफ्रिकान्स भाषासुद्धा शिकले होते, समोरच्याच्या मनातलं कळावं म्हणून. आणि आता देश चालवायचा तो काळे-गोरे दोघांना बरोबर घेऊनच. हे नुसतं भाषणात सांगून गोऱ्यांचा विश्वास बसला असता का? पहारेकऱ्यांना मानाच्या पंगतीला बसवलं, तेव्हा ते डोळ्यांना दिसलं.

आणखी एक. मांडवातले सगळेच पाहुणे काही पहिल्यापासून मंडेलांचे दोस्त नव्हते. अमेरिकेने दक्षिण आफ्रिकेवर कडक निर्बंध लादले ते १९८६ साली. आणि मंडेलांच्या पक्षावरचा ‘दहशतवादी’ हा शिक्का अमेरिकेच्या सरकारी यादीतून पुसला गेला तो थेट २००८ मध्ये! आपल्या देशाने मात्र १९४६ मध्येच वर्णद्वेषी सरकारशी व्यापार तोडला होता. असं करणारा तो पहिला देश. गांधीजींनी त्याच भूमीवर एकवीस वर्षं घालवली होती ना! १९९० मध्ये आपण मंडेलांना ‘भारतरत्न’ही दिलं.

त्याच दिवशी मंडेला जोहान्सबर्गला फुटबॉलचा सामना बघायलाही गेले. दक्षिण आफ्रिकेने झांबियाला २-१ असं हरवलं!

५ डिसेंबर २०१३ रोजी मंडेला गेले. जिथे शपथ घेतली, तिथेच त्यांचं पार्थिव अंत्यदर्शनासाठी ठेवलं होतं. त्याच महिन्यात, १६ डिसेंबरला, खालच्या बागेत त्यांचा नऊ मीटर उंचीचा ब्राँझचा पुतळा उभा राहिला. शिल्पकारांनी खोडकरपणे पुतळ्याच्या कानात छोटासा ससा कोरून ठेवला होता. सरकारला तो मुळीच आवडला नाही आणि ससा काढावा लागला!

पुढाऱ्यांचे पुतळे बहुधा बोट दाखवत उभे असतात, नाही तर मूठ उगारून. या पुतळ्याने मात्र दोन्ही हात पसरले आहेत. खालून टेकडी चढून येणाऱ्याला वाटावं, घरधनी दारात उभे आहेत आणि म्हणताहेत, ‘या, आत या!’