कृपा मिळाली, पण ठेवीदारांचं काय?

गेल्या रविवारी उपासनेत एका गृहस्थांनी साक्ष दिली. आमच्या तालुक्यात बुडालेल्या एका पतसंस्थेचे ते माजी संचालक. डोळ्यांत पाणी आणून म्हणाले, प्रभूनं माझं सगळं पाप धुऊन टाकलं, आता मला कोणी दोषी ठरवू शकत नाही. लोकांनी जोरात 'आमेन' म्हटलं. मागच्या बाकावर एक निवृत्त शिक्षिका बसल्या होत्या. त्यांचे साडेचार लाख त्याच संस्थेत अडकलेत. त्या काही म्हणाल्या नाहीत.

टपरीवर हे सांगितलं तर एक हिंदू मित्र म्हणाला, "तुमच्यात बरंय राव, माफी मागितली की खातं निल!" हसलो, पण लागलं.

खरं तर हा प्रश्न पौलाच्याही पुढे होता. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय काढून बघा. पाप वाढलं की कृपाही वाढेल, हा हिशेब तो साफ धुडकावतो. त्याचं म्हणणं, बाप्तिस्मा म्हणजे जुन्या माणसाचं मरण. मेलेला माणूस जुन्या धन्याची चाकरी कशी करील?

जर्मनीतल्या डीट्रिश बोनहोफर या पाळकानं १९३७ साली याला 'स्वस्त कृपा' म्हटलं. पश्चात्ताप नको, येशूमागं चालणं नको, फक्त क्षमा द्या. तेव्हा तिथलं बरंचसं चर्च हिटलरपुढं मान तुकवून बसलं होतं. बोनहोफरला १९४५ च्या एप्रिलमध्ये फाशी झाली.

पण मला जवळचा वाटतो तो यरीहोचा जक्कय. मुख्य जकातदार, म्हणजे वसुलीतला मोठा माणूस. ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट परत देतो, असं तो उभा राहून बोलला. आणि क्रम बघा हं. येशू आधी त्याच्या घरी गेला, पैशांची गोष्ट नंतर निघाली. चौपट ही कृपेची किंमत नव्हती. कृपा घरात आल्यावर तिजोरी आपोआप उघडली. आमच्या साक्षीत तिजोरीचा विषयच नव्हता.

हे सगळं मी त्या गृहस्थांवर तावातावानं लिहायला घेतलं होतं. दोन परिच्छेद झाले आणि हात थांबला.

त्या संस्थेच्या बोगस कर्जांचे कागद सगळ्यात आधी माझ्याकडे आले होते. तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं आणून दिले. दिवाळी तोंडावर होती. संस्थेची पंधरा हजारांची जाहिरात आलेली, त्यातलं माझं कमिशन सव्वादोन हजार. दिवाळीनंतर बघू म्हणून कागद ड्रॉवरमध्ये टाकले, ते तीन महिने तिथंच राहिले. त्याच तीन महिन्यांत बाईंनी निवृत्तीचे पैसे तिथं ठेवले.

देवाजवळ हे मी कधीच कबूल केलंय. क्षमा मिळाली यावर माझा विश्वास आहे, आजही आहे. बाईंना मात्र सांगितलं नव्हतं. रविवारी त्यांच्यापासून दोन बाक सोडून मीही बसलो होतो, आणि 'आमेन' मीही म्हटलं होतं.

परवा त्यांच्या घरी गेलो. सगळं सांगितलं. त्या बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसल्या. मग विचारलं, "ते कागद आहेत का अजून?"

आहेत. सोमवारी त्यांच्या वकिलांकडे नेऊन देतोय.