जास्त शहाणी गाडी

मी आयुष्यात एकही सुपरकार चालवलेली नाही. शिक्षकाच्या पगारात आधी सायकल, मग स्कूटर आणि निवृत्तीनंतर आलेल्या पैशातून एक छोटी चारचाकी, एवढाच माझा वाहनयोग! पण वाचायला आणि बघायला पैसे पडत नाहीत. नातवामुळे या गाड्यांचा नाद लागला आणि त्याच्याशी वाद घालताना एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. कधी चुकतच नाही अशी गाडी चालवण्यात मजा कमी होते का?

नातवाचं मत सरळ आहे. "आजोबा, गाडी जेवढी परफेक्ट तेवढी मजा जास्त." मला मात्र तसं वाटत नाही.

मुळात ही मजा असते कुठे? वळणावर टायर रस्त्याला किती धरून ठेवणार याला मर्यादा असते. तिच्या जवळ गेलं की टायर किंचित सरकायला लागतो, स्टिअरिंगचं वजन बदलतं, बसल्या जागी ते कळतं. गाडी काहीतरी सांगते आणि आपण हातापायांनी उत्तर देतो. माझ्या मते हा संवाद म्हणजेच मजा. आता रुंद, चिकट टायर, चारही चाकांना ताकद आणि वर संगणक असं सगळं एकत्र आलं, की ती मर्यादा इतकी लांब जाते की साध्या रस्त्यावर तिथवर पोचताच येत नाही. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे. या गाड्या तो वेग चार सेकंदांच्या आत गाठतात. मग पुढे करायचं काय?

२००५ साली आलेली बुगाटी व्हेरॉन पाहा. हजार अश्वशक्ती, ताशी ४०० किलोमीटरच्या वर वेग आणि तरी चालवायला सोपी. २००७ साली निस्सानची आर-३५ जीटी-आर आली. तिच्या पडद्यावरची आकड्यांची मांडणी 'ग्रान टुरिस्मो' हा व्हिडिओ गेम करणाऱ्यांनी केली होती! गाडी विलक्षण वेगवान, पण चालवताना गेम खेळल्यासारखं वाटतं, अशी कुरकूर पुष्कळांनी केली. मला तर वर्गातले गाईडवरून लिहिलेले निबंध आठवले. शुद्धलेखनाची एक चूक नाही, पण चाळीस वह्या तपासल्या तरी लिहिणारा पोरगा कुठेच सापडत नाही.

टोयोटाने २०१२ साली जीटी-८६ काढली तेव्हा उलटी वाट धरली. तिला मुद्दाम अरुंद टायर दिले, प्रियससारख्या काटकसरी गाडीला शोभतील असे. ती वळणावर लवकर सरकते, पण हळूहळू आणि आधी सांगून. कमी वेगातही चालकाला काम उरतं. पकड कमी करून आनंद वाढवला, असं म्हणा ना!

इथे नातवाने मला बरोबर पकडलं. म्हणाला, "मग होंडाच्या एनएसएक्सचं काय?" १९९० ची ही गाडी घडवताना आयर्टन सेनाने ती चालवून पाहिली आणि त्याच्या सांगण्यावरून तिचा सांगाडा आणखी ताठ केला गेला. गाडी हाताळायला अगदी निर्दोष. तरीही मॅकलॅरेन एफ-१ रचणारे गॉर्डन मरे तिच्या प्रेमात पडले आणि आपल्या गाडीसाठी त्यांनी तिचा आदर्श ठेवला. त्या एफ-१ मध्ये पॉवर स्टिअरिंग नव्हतं, एबीएस नव्हतं, ट्रॅक्शन कंट्रोलही नव्हतं. याच मरे यांनी २०२० साली टी-५० ही गाडी लोकांसमोर आणली. वजन हजार किलोंपेक्षा कमी आणि गिअर हाताने टाकायचे.

मी दोन दिवस विचार केला. मग लक्षात आलं की 'निर्दोष' या एका शब्दात आपण दोन वेगळ्या गोष्टी कोंबतो. एक गाडी आपलं तंतोतंत ऐकते, दुसरी आपल्या आधीच उत्तर देऊन टाकते. पहिलीने मजा वाढते. वर्गात नाही का, चांगला शिक्षक पोराचं बोलणं पुरं होऊ देतो आणि अतिहुशार शिक्षक त्याचं वाक्य स्वतःच पुरं करतो. मजा मारते ती दुसऱ्या जातीची गाडी.

पण याला एक बाजू आहे, ती लपवून चालणार नाही. पोर्शची करेरा जीटी ही जुन्या वळणाची, चालकावर सारं सोपवणारी गाडी. तिच्यात स्टॅबिलिटी कंट्रोल नव्हतं. २०१३ साली कॅलिफोर्नियात तिच्या अपघातात अभिनेता पॉल वॉकर गेला. गाडी त्याचा मित्र चालवत होता, तोही गेला. तपासात वेग हेच मुख्य कारण ठरलं, शिवाय टायर नऊ वर्षांचे जुने होते. संगणक असता तर वाचले असते का, ते कोण सांगणार? पण संवादाची किंमत कधी कधी अशी मोजावी लागते, आणि ती चालकच मोजतो असंही नाही.

हा वाद माझ्यापुरता केवळ पुस्तकी नाही. चौऱ्याहत्तराव्या वर्षी गर्दीत क्लच दाबताना डावा गुडघा ठणकतो. ऑटोमॅटिक घ्या, स्टॅबिलिटी कंट्रोलवाली घ्या, असं मुलगा वर्षभर सांगतो आहे. मला गिअर सोडवत नाही. हाताखालचा तो दांडा गेला की मी माझ्याच गाडीतला प्रवासी होणार, हे कळतं. पण माझ्या शेजारी ही बसते आणि समोर शाळा सुटलेली पोरं रस्ता ओलांडत असतात. माझ्या मजेची किंमत त्यांनी का मोजावी?

तेव्हा दिवाळीनंतर ऑटोमॅटिक येईल. नातवाला मी सांगितलं, मजा कमी होणार हे माझं मत कायम आहे, फक्त ती मला आता परवडत नाही. जुनी गाडी द्यायच्या आधी मात्र एकदा पहाटे ताम्हिणी घाटातून फिरवून आणायची आहे, सावकाश, दुसऱ्या गिअरमध्ये. गुडघ्याला तेवढ्या दिवसापुरतं समजावून सांगीन!