चाळीस वर्षांची गॅप

आयटीवाल्याच्या रेझ्युमेमध्ये सगळं चालतं. तीन वर्षांत चार कंपन्या चालतात, कधीही न वापरलेल्या टेक्नॉलॉज्या चालतात. फक्त गॅप चालत नाही. गॅप दिसली की एचआरला वाटतं, एवढे महिने स्वारी येरवड्याला होती की काय!

माझी गॅप एकोणीस महिन्यांची. आम्ही संत तुकाराम नगरचे जुने रहिवासी, बाबा एचए कंपनीतून रिटायर झालेले. एके दिवशी त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. आई आधीच गुडघ्यांनी बेजार. मी नोकरी सोडली. मग रोज सकाळी व्यायाम करून घ्यायचा, दुपारी एकेक शब्द म्हणून घ्यायचा. ते काठी टेकत बाल्कनीपर्यंत गेले त्या दिवशी आईने शिरा केला होता. खाली सोसायटीत मात्र चर्चा वेगळीच... "आयटीतला मुलगा, घरीच असतो म्हणे हल्ली!"

असो. बाबा सावरले आणि मी परत अर्ज करायला लागलो. बहुतेक ठिकाणी पहिल्या फोनवरच गाडी गॅपपाशी अडायची. अखेर मुंबईत फोर्टमधल्या एका ऑफिसने प्रत्यक्ष बोलावलं. मित्र म्हणाला, "अरे, त्या एकोणीस महिन्यांत 'फ्रीलान्स कन्सल्टिंग' टाक. कोण तपासतंय!" आता आपण इंजिनिअर माणसं, बॅकअप ठेवणारच. दोन रेझ्युमे छापले. एकात कन्सल्टिंग, एकात गॅप. दोन्ही बॅगेत टाकले आणि चिंचवडहून सिंहगड पकडली.

इंटरव्ह्यू अडीचला. सीएसएमटीला उतरून चालत हुतात्मा चौक गाठला तरी तीन-साडेतीन तास हाताशी. हॉर्निमन सर्कलच्या अलीकडे, वीर नरिमन रोडवर सेंट थॉमस कॅथीड्रल लागतं. म्हटलं चला, निदान सावलीत तरी बसू.

तुम्ही रोज चर्चगेटला उतरत असाल, पण ते 'चर्च' कुठलं, हा प्रश्न कधी पडलाय? ते हेच. मुंबईच्या किल्ल्याला जो दरवाजा या चर्चच्या बाजूला होता, तो चर्चगेट. किल्ल्याची तटबंदी १८६० च्या दशकात पाडली, दरवाजा गेला, नाव राहिलं. ब्रिटिशांच्या काळी मुंबईतली अंतरंही इथूनच मोजायचे. रोमन आकडे कोरलेले ते मैलाचे दगड काही ठिकाणी फुटपाथवर अजून आहेत.

बाहेर एक नक्षीदार कारंजं आहे. इंग्लंडचा नामांकित वास्तुविशारद गिल्बर्ट स्कॉटचं डिझाइन आणि कावसजी जहांगीर रेडीमनी यांचा पैसा. आत पांढऱ्या भिंती, लाकडी बाकं, रंगीत काचा आणि वरून लांब दांड्यांना लटकणारे पंखे. भिंतींवर जिकडेतिकडे संगमरवरी स्मारकं. सोळा वर्षं मुंबईचा गव्हर्नर असलेला जोनाथन डंकन १८११ मध्ये इथेच वारला, त्याचं स्मारक आहे. बनारसला आणि काठेवाडात बालहत्या थांबवण्यासाठी तो झटला होता. बाकी कितीतरी नावं तरुण अधिकाऱ्यांची. एवढ्या लांब नोकरीला आले आणि इथेच राहिले.

पण मला खिळवलं ते चर्चच्या स्वतःच्या तारखांनी. गव्हर्नर जेराल्ड ऑन्जियरच्या काळात १६७६ मध्ये पायाभरणी झाली. पुढच्याच वर्षी ऑन्जियर सुरतेला वारला आणि काम थांबलं. १५ फूट उंचीच्या भिंती जवळजवळ चाळीस वर्षं तशाच उभ्या! आपल्या भाषेत सांगायचं तर, प्रोजेक्टचा स्पॉन्सर गेला आणि प्रोजेक्ट ऑन होल्ड. १७१५ च्या सुमाराला रिचर्ड कॉब नावाच्या पाद्र्याने विषय परत लावून धरला, वर्गण्या गोळा केल्या, आणि १७१८ च्या नाताळात चर्च उघडलं. १८३७ मध्ये मुंबईला पहिला बिशप मिळाला आणि त्याचं कॅथीड्रल झालं. जतनाच्या कामासाठी २००४ मध्ये युनेस्कोचा पुरस्कारही मिळाला.

मी बाकावर बसून विचार करत होतो. ती चाळीस वर्षं कुणी लपवलेली नाहीत. इतिहास लिहिणारे सरळ लिहितात की काम थांबलं होतं. आता दगडाला थांबणं परवडतं हे मान्य. जावास्क्रिप्टची फ्रेमवर्क्स एकोणीस महिन्यांत दोनदा कूस बदलतात. तो अभ्यास मला रात्री जागून करावाच लागला होता. पण 'कन्सल्टिंग' लिहिणं म्हणजे बाबांचं ते बाल्कनीपर्यंतचं चालणं खोडून टाकण्यासारखं वाटायला लागलं. दोन्ही रेझ्युमे बाहेर काढले. एक फाडून बॅगेच्या तळाशी कोंबला.

इंटरव्ह्यूत पहिला अर्धा तास टेक्निकल, तो बरा गेला. मग समोरच्या बाईंनी कागदावर बोट ठेवलं. "या काळात काय करत होता?"

"वडिलांना चालायला शिकवत होतो," मी म्हणालो. पुढे काय काय नवीन शिकलो तेही सांगितलं. बाईंनी मान डोलावली. शेजारच्या साहेबांनी मात्र अर्धा तास असा काही कोड लिहून घेतला की घाम फुटला. म्हणजे सहानुभूतीवर काही सुटका नव्हती. तेही बरंच झालं!

दहा दिवसांनी ऑफर आली. पगार पूर्वीपेक्षा थोडा कमी, पण मुंबईला आठवड्यातून दोनच दिवस जायचं, बाकी काम घरून. बाबांना सांगितलं. त्यांनी बराच वेळ शब्दांची जुळवाजुळव केली. आयुष्यभर कंपनीत शिफ्ट केलेला माणूस, म्हणाले, "डबा... घेऊन... जा."