देवासची टेकडी आणि अंगातलं वारं

इंदूरहून देवास साधारण 35 किलोमीटर. शहरात शिरताच टेकडी दिसते. वर दोन देव्या आहेत : तुळजाभवानी ही मोठी माता आणि चामुंडा ही छोटी माता. आता रोपवे झाला आहे, पण पाय धड असतील तर पायऱ्याच चढा.

तुळजाभवानी माळव्यात कशी, हा प्रश्न आपल्या मंडळींना पडू नये. 1728 च्या सुमारास बाजीरावांच्या मोहिमेतून तुकोजी आणि जिवाजी पवार हे दोघे भाऊ इथे स्थिरावले. पुढे थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्यं झाली. धारलाही पवारच, आणि तिथेही टेकडीवर गढकालिका. त्यांच्या मागोमाग आपले कारकून, शिलेदार, भटजी आले. त्यांनी कुळाचार आणले आणि अंगात येणंही आणलं. माळव्यात ते आधीपासून होतंच. धारच्या भिल्ल गावांत देवाशी बोलणारा बडवा असतो.

नवरात्रात टेकडीवर गेलात तर ढोलाचा ठेका वाढता वाढता एखादी बाई केस मोकळे सोडून घुमू लागलेली दिसेल. लोक बाजूला होतात, कुणी कुंकू लावतं, कुणी पाया पडतं.

आमच्याकडे हे घरातच आहे. धारला दिलेल्या माझ्या आत्याच्या अंगात अष्टमीच्या आरतीला येतं. एरवी ती चारचौघांत बोलत नाही. त्या दहा मिनिटांत मात्र थोरल्या दिरालाही "दारू सोड" असं एकेरीत सुनावते, आणि ते खाली मान घालून ऐकतात. गेल्या वर्षी एका भाच्याने व्हिडिओ काढून फॅमिली ग्रुपवर टाकला. खाली हसण्याच्या इमोजींची रांग लागली. आत्या तीन दिवस कुणाशी बोलली नाही.

मी इंजिनिअर माणूस. असं आणखी कुठे होतं का, हे शोधत बसलो आणि थेट नायजेरियात पोहोचलो. उत्तर नायजेरिया आणि नायजरमधल्या हौसा लोकांत बोरी नावाची जुनी परंपरा आहे, इस्लाम येण्याआधीची. त्यात बायका जास्त. प्रत्येक शक्तीची धून वेगळी. वादक ती वाजवतात आणि ती शक्ती अंगात येते. जिच्या अंगात येते तिला त्या शक्तीची घोडी म्हणतात. आपल्याकडे राजस्थानात अशा माणसाला देवाचा 'घोडला' म्हणतात! या शक्तींसाठी हौसा शब्द आहे 'इस्का', आणि त्याचा अर्थ वारा. आपण काय म्हणतो? अंगात वारं आलं. बोरीत त्या वाऱ्याला हाकलून देत नाहीत. त्याच्याशी जन्मभराचं नातं जोडतात.

दिवाळीत आत्याला विचारलं, "नक्की काय होतं गं?"

"वारं येतं रे. मी बाजूला होते."

"डॉक्टरला दाखवूया एकदा?"

"जाते की. देवी काही डॉक्टरला घाबरत नाही."

दाखवलं. फिट वगैरे काही निघालं नाही.

महाराष्ट्रात 2013 साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. अंगात आल्याचं सांगून लोकांना भीती दाखवणं तिथे गुन्हा आहे, आणि ते योग्यच आहे. तो मध्य प्रदेशाला लागू नाही, पण घरात तो नियम पाळायला कुणाची हरकत? आत्याने कधी कुणाकडून पैसे घेतले नाहीत, कुणाला घाबरवलं नाही. अंगात देवी येते की नाही, यावर आमच्या घरात एकमत होणार नाही. पण ती जे बोलते ते खरं असतं, यावर आहे. दिरांच्या दारूबद्दल घरातल्या सगळ्यांनाच माहीत होतं, बोललं कुणीच नव्हतं. आता आम्ही भावंडं तिला दर रविवारी फोन करतो आणि जास्त वेळ ऐकतो.

तुम्ही नवरात्रात देवासला जाणार असाल तर सकाळी लवकर निघा, गर्दी कमी असते. धारही करा, इंदूरहून तासा-दीड तासात पोहोचाल. टेकडीवर कुणी घुमताना दिसलं तर थोडं लांब उभे राहा, आणि मोबाइल खिशातच असू द्या. तीही कुणाची तरी आत्या असते.