थंडीची चव

आंजर्ल्यात थंडीची वाट पाहतात ती हापूससाठी. पावसानंतरची पालवी जून झाली आणि डिसेंबरात काही रात्री सलग गार गेल्या, की फांद्यांच्या टोकांना मोहोर फुटतो. गारवा पडलाच नाही तर झाड पुन्हा पालवतं आणि त्या वर्षीचा आंबा हातचा जातो. अशा गावात वाढल्यामुळे असेल, नाशिकजवळच्या वायनरीत शिरलो तेव्हा ती जागा मला परकी वाटली नाही. तिथेही सगळ्यांचे डोळे रात्रीच्या गारव्याकडे लागलेले.

खऱ्या थंड मुलखातली द्राक्षवेल, जर्मनीत मोझेल नदीच्या काठची म्हणा, हिवाळ्यात पानं गाळून झोपते. नाशिक 20 अंश उत्तरेला. तिथे वेलीला झोपवील असा हिवाळाच नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटर उंची, एवढाच काय तो आधार. म्हणून बागायतदार वर्षातून दोनदा कात्री चालवतात. एप्रिलात खरड छाटणी, चांगली काडी तयार व्हावी म्हणून. पाऊस ओसरला की गोडी छाटणी, ती फळासाठी. युरोपात द्राक्षं सप्टेंबरच्या सुमारास उतरतात, इथे माघ-फाल्गुनात, कोरड्या हवेत आणि गार रात्रींत. वेलीचं अख्खं वर्ष असं फिरवून घेणाऱ्या त्या हातांबद्दल मला फार आदर वाटतो. हापूसने दरवर्षी मोहोर धरावा म्हणून आमच्या दापोलीच्या कृषी विद्यापीठाने पॅक्लोब्युट्राझॉल वापरण्याची शिफारस केली, त्यामागची धडपडही हीच.

राजीव सामंत यांनी सुला ही वायनरी सुरू केली 1999 साली, राज्याचं द्राक्ष प्रक्रिया धोरण आलं 2001 मध्ये. तोवर नाशिकचं द्राक्ष म्हणजे मुख्यतः खायचं, थॉमसन सीडलेस. वाइनचं द्राक्ष त्याहून बारीक, बियांचं, जाड सालीचं. वेलीवरचं एक तोंडात टाकलं तर गोडीबरोबर साल दाताला तुरट लागली.

चाखायला बसलो तेव्हा पेले भरणारा मुलगा म्हणाला, “काका, आधी वास घ्या. मग छोटा घोट घ्या, तोंडात फिरवा. लगेच गिळू नका.” सॉव्हिन्याँ ब्लाँला कापलेल्या गवताचा आणि हिरव्या मिरचीच्या देठाचा वास होता. घोट घेतल्यावर जिभेच्या कडांना आंबटपणा झोंबला. मी विचारलं, पिकलेल्या द्राक्षात एवढा आंबटपणा राहतो कसा? हिरव्या सफरचंदात असतं ते मॅलिक आम्ल द्राक्षातही असतं, आणि रात्र उबदार असली की श्वसनात ते खर्च होत जातं. रात्र गार असली की पुष्कळसं शिल्लक राहतं. म्हणजे मी चाखत होतो ती जानेवारीतली नाशिकची रात्र होती! पुढे पोलादी टाक्यांतही रस गार ठेवूनच आंबवतात, नाहीतर हे नाजूक वास उडून जातात. कोकणात आम्ही अढी घालतो ती भातेणात, तिथे ऊबच हवी असते. गारव्यात मोहोरलेलं फळ उबेत पिकतं; इथे शेवटपर्यंत गारवाच.

जेवायला मासा मागवला आणि सोबत शेनिन ब्लाँ घेतली. आगळाची सोलकढी तळणाचा तेलकटपणा जिभेवरून जसा काढून टाकते, तसंच काम त्या घोटाने केलं. जेवणात आंबटाला मानाची जागा देणाऱ्या माणसाने वाइनपुढे बुजायचं कारण नाही, असं माझं ठाम मत आहे. उंची पदार्थांच्या यादीत अडकून पडण्यापेक्षा वाइनला आपल्या ताटात आणून पाहावं. तिरफळं घातलेल्या बांगड्याच्या तिखल्याशी शेनिनचं जमेल असं वाटतं. ओल्या काजूंच्या उसळीशी तर जमायलाच हवं. निघताना एक बाटली घेतली ती त्यासाठीच. आंजर्ल्यात ओले काजू मार्चमध्ये मिळतील.